जुनें यंत्र आणि नवें गणित

ज्यांच्याजवळ द्रव्य थोडें व काम फार, त्यांस नव्या वस्तूची वाट पाहत बसणें परवडत नाहीं, हें कोणीही कबूल करील. तरी वापरलेली वस्तु घेणें म्हणजे दैन्य पत्करणें, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत दृढ आहे. पालघर जिल्ह्यांतील बोईसर–तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत जो लहान अभियंता दाबपात्रें, नळ व सांगाडे यांचें बळ संगणकावर अजमावूं पाहतो, त्याच्यापुढें हा प्रश्न नित्याचा आहे. नवें वर्कस्टेशन त्याच्या आवांक्याबाहेरचें; मोठ्या कंपन्यांनीं काढून टाकलेलें जुनें यंत्र मुंबईस लॅमिंग्टन रोडवर अल्प किंमतींत मिळतें. तें घ्यावें कीं न घ्यावें? या बाबतींत इतिहासाची साक्ष काय आहे, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तारापूर हेंच या विचारास योग्य स्थळ होय. १९६४ सालीं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं करार होऊन येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज रीतसर मिळूं लागली. त्यांचा आराखडा व त्यामागील गणित परकीयांचें होतें. पुढें २००५ व २००६ सालीं त्याच ठिकाणीं ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांचा आराखडा मात्र एतद्देशीयांनीं केला. मधल्या काळांत गणनेचें सामर्थ्य या देशांत कसें आलें, याची हकीकत बोधप्रद आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं स्वतः बांधून पुरा केलेला ‘टिफ्रॅक’ हा त्या हकीकतीचा उज्ज्वल आरंभ. परंतु व्यापारी जगांत त्याच दशकांत निराळाच प्रकार चालला होता. आयबीएम कंपनी परदेशांत वापरून झालेलीं १४०१ जातीचीं यंत्रें मुंबईच्या कारखान्यांत दुरुस्त करी आणि येथील गिऱ्हाइकांस विकत न देतां भाड्यानें देई. नवीं यंत्रें निघून १४०१ मागें पडलें, तरी भाडें चालूच राहिलें. संसदेच्या लोकलेखा समितीनें १९७५–७६ मध्यें या व्यवहारावर कडक टीका केली. पुढें परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणें भांडवलांतील वांटा कमी करण्यास कंपनी राजी झाली नाहीं, व १९७८ सालीं ती येथून निघून गेली.

या प्रकरणावरून जुन्या यंत्राची निंदा करणारे पुष्कळ आहेत. पण आमच्या मतें त्यांचा रोख चुकतो. दोष यंत्राच्या वयांत नव्हता. भाडेकऱ्यास यंत्राची मालकी नव्हती व त्याचें अंतरंगही ठाऊक नव्हतें, हा खरा दोष होता. याचा पुरावा लगेच मिळाला. १९७५ सालीं स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे त्या यंत्रांची निगा आली, आणि एतद्देशीय अभियंत्यांनीं तींच जुनीं यंत्रें चालूं ठेवलीं. काल जें परावलंबनाचें साधन होतें, तेंच आज शिक्षणाचें साधन झालें.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें १९९१ च्या सुमारास ‘अनुपम’ हा समांतर संगणक बाजारांत मिळणारे प्रक्रियक जोडून केला. सधन अमेरिकेंतही असें उदाहरण आहे. ओक रिजच्या प्रयोगशाळेंतील हारग्रोव्ह व हॉफमन या संशोधकांस नव्या यंत्रसमूहासाठीं पैसा नाकारला गेला, तेव्हां १९९७ च्या सुमारास त्यांनीं टाकून दिलेले संगणक गोळा करून एकमेकांस जोडले व आपलें काम तडीस नेलें.

आतां बोईसरच्या अभियंत्याकडे वळूं. पदार्थाचे लहान लहान खंड कल्पून त्यांचीं लक्षावधि समीकरणें एकत्र सोडविणें, हें त्याच्या गणिताचें स्वरूप. अशा कामांत प्रक्रियकाच्या वेगापेक्षां स्मृतीचा विस्तार व तिच्याकडे जाणारे मार्ग पुष्कळदां अधिक महत्त्वाचे ठरतात. २०१२ सालीं निघालेल्या झिऑन ई५–२६०० जातीच्या प्रक्रियकास असे चार मार्ग आहेत. दोन प्रक्रियकांच्या यंत्रांत ते आठ होतात. घरगुती नव्या संगणकास बहुधा दोनच असतात. शिवाय अशा यंत्रांत स्वतःची चूक दुरुस्त करणारी स्मृति बसते. गणनाप्रणालीही आतां विनामूल्य मिळते. ‘ओपनफोम’ २००४ सालीं सर्वांस खुली झाली.

परंतु स्वस्ताईस भुलून चालणार नाहीं. जुनें यंत्र वीज फार खातें व उष्णता फार टाकतें. त्याचे कित्येक भाग त्याच कंपनीचे लागतात. समुद्रकाठचा खारा वारा जोडण्यांस गंज आणतो. म्हणून तबकडी नवी घालावी, स्मृतीची परीक्षा रात्रभर चालवावी, आणि जाड भिंतीच्या नळाचा ताण लामेच्या सूत्रानें हातीं काढून यंत्राच्या उत्तराशीं ताडून पाहावा. ज्या पात्राची भिंत किती जाड असावी हें त्या उत्तरावरून ठरतें, त्याच्या शेजारीं उद्यां मजूर उभे राहणार आहेत. तेथें वाचविलेले रुपये दुसऱ्याच्या जिवावर वाचविलेले नसावेत.

तात्पर्य, जुनें यंत्र घेण्यांत कमीपणा नाहीं. न समजतां घेण्यांत आहे. जें यंत्र उघडून पाहतां येतें, ज्याची निगा आपणांस राखतां येते व ज्याचें उत्तर आपण स्वतंत्रपणें तपासूं शकतों, तें कितीही जुनें असो, आपलें आहे. ज्याच्या बाबतींत हें साधत नाहीं, तें आजच पेटींतून काढलेलें असलें तरी भाड्याचेंच समजावें.