नकारात्मक भावना, मूलभूत

अनुभवताना नकोशा वाटणाऱ्या, सर्व मानवसमाजांत आढळणाऱ्या आणि इतर भावनांच्या मिश्रणातून न बनलेल्या भावना. ‘नकारात्मक’ म्हणजे वाईट नव्हे. भीती नसती तर माणूस तगलाच नसता.

भय, क्रोध, शोक आणि किळस या चौघी बहुतेक वर्गीकरणांत येतात. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायी भावांतही त्या आहेत (किळस तेथे ‘जुगुप्सा’). असूया, चिंता, व्रीडा (लाज) यांना भरताने तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावांत घातले. मुख्य आणि आनुषंगिक असा हा भेद आजही उपयोगी पडतो.

आधुनिक काळात पॉल एकमन यांनी चेहरा ही कसोटी मानली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू गिनीतील फोरे लोकांना ‘हिचे मूल दगावले आहे’ यासारखा प्रसंग सांगून त्याला साजेसा चेहरा छायाचित्रांतून निवडायला सांगण्यात आले. बहुतेक निवडी अपेक्षेप्रमाणे झाल्या. भय आणि आश्चर्य यांत मात्र गल्लत झाली. पुढे एकमन यांनी मूलभूत भावनांच्या आपल्या यादीत तिरस्काराची भर घातली.

जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये याद्या बाजूला सारून सुखद-असुखद आणि उत्तेजित-शांत असे दोन अक्ष मांडले. मांडणी सुटसुटीत आहे, पण तिच्यात भय व क्रोध शेजारी येऊन बसतात. धोका दिसला की माणूस पळतो किंवा जागीच थिजतो. वाट अडवली की चालून जातो. इतका फरक पुसणारे वर्गीकरण अपुरेच म्हणावे लागते. शरीरही फरक दाखवते: एकमन, लेव्हनसन व फ्रीझन यांच्या १९८३ च्या प्रयोगात दोन्ही भावनांत नाडी वाढली, बोटांचे तापमान मात्र क्रोधात अधिक चढले. अर्थात ही सरासरी होय. प्रत्येक भावनेची ठरलेली शारीरिक खूण नसतेच, हा लिसा फेल्डमन बॅरेट यांचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. म्हणूनच भावना कशामुळे उठली आणि ती माणसाला काय करायला लावते, ही कसोटी सर्वांत भरवशाची ठरते.

लाज व अपराधीपणा मूलभूत गटात धरत नाहीत, कारण त्यांना ‘मी’ची जाणीव लागते. नाकाला लाली लावून आरशापुढे ठेवलेले मूल साधारण दीड-दोन वर्षांचे झाल्यावरच स्वतःच्या नाकाला हात लावते. ओशाळणेही त्याच सुमारास दिसू लागते. भीती आणि राग मात्र पहिल्या वर्षातच दिसतात.