पटकीच्या जंतूचा पहारेकरी

पटकी, महामारी, वाखा, जरीमरी. एका रोगाला मराठीत इतकी नावे पडावी, यावरूनच त्याची दहशत केवढी होती ते कळते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेच. पण मंडळी, हा जंतू काही केवळ माणसाच्या पोटात राहणारा नव्हे. खाडीच्या मचूळ पाण्यात तो कोणाला उपद्रव न देता सुखाने नांदतो. मग आतड्यात शिरताच तो यमदूत कसा होतो?

१८५४ साली फ्लॉरेन्सच्या पाचिनीने हा जंतू पाहिला. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवून दिला आणि त्याचे नाव जगभर झाले. म्युनिकच्या पेटेनकोफरला मात्र ते पटेना. १८९२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ह्या गृहस्थांनी जिवंत जंतूंचा पेला सर्वांदेखत पिऊन टाकला! जठरातील आम्लाने जंतू मेले असे कोणी म्हणू नये म्हणून त्यात सोडाही घातला होता. त्यांना थोडे जुलाब झाले, एवढेच. जंतू एकटा रोग करीत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे पटकीने दगावली होती, तेव्हा निष्कर्ष चुकला हे उघड आहे. पण जंतू पोटात गेला एवढ्यानेच भागत नाही, ही त्यांची शंका टाकाऊ नव्हती.

यानंतरचे मोठे पाऊल पुन्हा कलकत्त्यातच पडले. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढलेले नुसते पाणी घातले, तरीही तेच घडले. म्हणजे जंतू विष सोडतो आणि ते विष आतड्यातून पाणी ओढून काढते. साधी साधने आणि मोजका पैसा यांवर केलेले हे काम आहे. जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने त्यांना पटकीवरील परिसंवादास बोलाविले. १९८५ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांना ओळखणारे किती थोडे होते, हे सांगताना संकोच वाटतो.

विष सापडले, पण ते सोडण्याची वेळ जंतूला कशी कळते? १९८४ साली हार्वर्डमध्ये व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकलॅनोस यांना विषाची निर्मिती सुरू करणारे एक जनुक सापडले. त्याला ‘टॉक्स-आर’ म्हणतात. त्यापासून होणारे प्रथिन जंतूच्या आतल्या आवरणात रुतून बसते, हे १९८७ साली कळले. त्याचे एक टोक आवरणाबाहेर आणि दुसरे आत, थेट जनुकांना भिडलेले. उंबऱ्यावर बसून बाहेर पाहावे व आत हाक द्यावी, असा हा पहारेकरी आहे.

त्याचे काम समजण्यासाठी पित्ताकडे पाहिले पाहिजे. शिकेकाईने डोक्यावरचे तेल सुटते, तसे पित्ताने चरबी सुटते. आणि जंतूचे बाहेरचे आवरण बरेचसे चरबीचेच! त्या आवरणात प्रथिनांची छिद्रे असतात. अन्नद्रव्ये त्यांतूनच आत येतात, म्हणून ती सरसकट बुजवून चालत नाही. तेव्हा पहारेकरी दारे बदलतो. ‘ओम्प-टी’ नावाची छिद्रे कमी करतो आणि ‘ओम्प-यू’ नावाची वाढवितो. ‘ओम्प-यू’ असले की जंतू पित्तात टिकतो. पित्तातील क्षार पहारेकऱ्याच्या बाहेरच्या टोकाला चिकटतात, असेही अलीकडे दिसून आले आहे.

आणि हाच पहारेकरी, ‘टीसीपी-पी’ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जोडीने, ‘टॉक्स-टी’ला जागे करतो. त्याच्या हुकमाने जंतूला आतड्यात ठाण मांडण्यासाठी लागणारे केसासारखे तंतू फुटतात आणि विष तयार होऊ लागते. चिलखत आणि शस्त्र एकाच हाताखाली असावे, हे मला ह्या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण वाटते. संकट सोसणे आणि रोग करणे ही जंतूच्या लेखी दोन वेगळी कामे नाहीत.

पेटेनकोफरच्या पेल्याची आठवण व्हावी असा एक प्रयोग १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. स्वयंसेवक मुद्दाम बदललेले जंतू प्याले. विषाचा मुख्य भाग काढून टाकलेले जंतू आतड्यात नांदले, पण त्यांनी फारसा त्रास दिला नाही. पहारेकरी काढलेल्यांना आतड्यात नीट मुक्काम करता येईना. तंतू काढलेल्यांना तर मुळीच थारा मिळाला नाही.

२००५ साली मेकलॅनोस यांच्याच गटाने ‘व्हिर्स्टॅटिन’ नावाचे एक द्रव्य पुढे आणले. ते जंतूला मारीत नाही. पहारेकऱ्याची हाक ज्याच्यापर्यंत पोचते त्या ‘टॉक्स-टी’लाच निकामी करते. उंदरांच्या पिलांना ते दिले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत जंतूंना ठाण मांडता आले नाही.