वसईचें बीं आणि दाभोशाची चूल

वसईवर पोर्तुगीजांचें निशाण चढलें तें १५३४ सालच्या तहानें, आणि उतरलें तें १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेनें. मधलीं दोनशें पांच वर्षें ह्या सत्तेनें उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर कोट बांधले, जकाती बसविल्या आणि समुद्रावर हुकमत चालविली. परंतु किनारा मागें टाकून सह्याद्रीची चढण लागली म्हणजे तिचा जोर संपत असे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलखांत मुकणे घराण्याचें राज्य चौदाव्या शतकापासून चालत आलें होतें, आणि तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. लेंडी नदी जेथें कड्यावरून खालीं झेप घेते, त्या दाभोशापर्यंत पोर्तुगीज अंमल कधीं पोंचला नाहीं. असें असूनहि त्या गांवीं पाट्यावर जी लाल मिरची वाटली जाते, ती मूळची अमेरिका खंडांतली असून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली आहे. राज्य जेथें पोंचलें नाहीं तेथें बीं कसें पोंचलें? आणि बीं पोंचलें, तर त्याच लोकांचा पाव त्या काळीं कां पोंचला नाहीं? हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु एखाद्या समाजाच्या अन्नावर परक्यांचा परिणाम कसा होतो, हें त्यांतून चांगलें उमगतें.

येथील अन्न समजण्यास प्रथम येथील जमीन पाहिली पाहिजे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट उंच आहे. पावसाळ्यांत १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पण उतारावरची माती पातळ, त्यामुळें तें पाणी न थांबतां वाहून जातें. खोलगट जागीं बांध घालून भाताचीं खाचरें करावीं, आणि उरलेल्या वरकस उतारावर नागली, वरई, उडीद व खुरासणी घ्यावी, ही वारली, कोकणा, कोळी व ठाकूर शेतकऱ्यांची जुनी वहिवाट. शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जमीन भाजावयाची, त्या राबांत नागलीचें रोप वाढवावयाचें, आणि पाऊस बसला म्हणजे तें उपटून उतारावर लावावयाचें, हें काम कंबर मोडणारें आहे. त्याचें फळ म्हणजे नागलीची काळसर भाकर, पातळ आंबील, वरईचा भात आणि उडदाचें कालवण. तेल खुरासणीचें किंवा मोहाच्या बियांचें. मीठ व सुकी मासळी एवढीं मात्र किनाऱ्यावरून यावयाचीं.

आषाढ-श्रावणांत कणगीचा तळ दिसूं लागला म्हणजे रान हीच दुसरी कणगी होई. टाकळा, कुर्डू, शेवळें, बांबूचे कोंब ह्यांवर ते दिवस निघत. ह्या रानच्या अन्नामागें शास्त्र आहे. शेवळांनीं घसा खाजतो, म्हणून त्यांत काकड नांवाच्या झाडाचीं आंबट फळें घालतात. कडूकंद तर विषारीच. तो चिरून, राख घालून उकडून, वाहत्या पाण्यांत रात्रभर ठेवला म्हणजे खाण्याजोगा होतो. पानाचा उपयोगहि असाच विचारपूर्वक केलेला. तांदळाच्या पिठांत काकडीचा कीस कालवून तें पळसाच्या वा केळीच्या पानांत गुंडाळावें व निखाऱ्यावर भाजावें. ओढ्यांतल्या मासळीलाहि पानाचेंच भांडें पुरतें. हें ज्ञान कोणत्याहि ग्रंथांत लिहून ठेवलेलें नव्हतें. आईनें लेकीला तें हातानें शिकविलें.

तथापि ह्या स्वयंपाकावर शुद्ध देशीपणाचा शिक्का मारणें बरोबर होणार नाहीं. वरई व उडीद हीं हिंदुस्थानचींच. पण नागली पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांतून हजारों वर्षांपूर्वीं इकडे आली. खुरासणीच्या नांवांत खुरासान असलें, तरी तिचें मूळ घर इथिओपिया होय. म्हणजे परकें पीक लावून आपलेंसें करण्याची रीत पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधींची आहे, आणि मिरचीला हें दार उघडेंच सांपडलें.

मिरचीपूर्वीं जेवणाला तिखटपणा येई तो मिरीं, पिंपळी व आलें ह्यांनीं. त्यांत मिरीं मलबारचीं. डोंगरांतल्या माणसाला तीं पैसे मोजूनच घ्यावीं लागत. “मिरची” हें नांवहि “मिरीं” ह्या शब्दावरूनच पडलेलें आहे. लोकांनीं नव्या वस्तूला जुन्या वस्तूची धाकटी बहीण मानलें. पण ही धाकटी बहीण थोरलीहून स्वस्त निघाली. ती परसांत उगवते, वाळविली म्हणजे पावसाळाभर टिकते, आणि मूठभर वाळल्या मिरच्यांत पुढल्या वर्षाचें सगळें बीं असतें. बाजाराची पायरी न चढतां मिळणारा असा झणझणीत मसाला गरिबाच्या हातीं आला. ज्या वाटांनीं मीठ व मासळी वर जात असे, त्याच वाटांनीं हें बींहि गेलें असावें, असें मानणें स्वाभाविक आहे. त्याला ना राजाज्ञा लागली, ना फौज. कोरडी भाकर आणि मिठाबरोबर वाटलेली मिरची एवढ्यावर दिवसाचें काम उरकणाऱ्या माणसाला ह्या पाहुणीचें मोल कोणी सांगावयास नको होतें.

मिरचीच्या मागोमाग मका, रताळीं, लाल भोपळा, तंबाखू हीं अमेरिकेचीं पिकें आलीं. किनाऱ्यावर तर पिकांबरोबर त्यांचीं नांवेंहि उतरलीं. बटाटा, अननस, काजू, पेरू हे शब्द पोर्तुगीज भाषेच्या मार्गानें मराठींत आले. १५७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत क्रिस्तोव्हांव द कोश्त ह्या वैद्यानें कोचीनच्या बागांतील काजूची नोंद केली आहे; त्याच काजूच्या वाड्या आज जव्हारच्या उतारांवर दिसतात.

आतां पावाचा विचार करूं. वसईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजांचें केवळ बींच नव्हे, तर त्यांची पाकक्रियाहि रुजली. तेथें ताडीनें पीठ आंबवून फुगे तळले गेले, ताडीचा शिरका झाला, आणि मांस शिरक्यांत व लसणींत मुरविण्याच्या पोर्तुगीज रीतीपासून “इंद्याल” तयार झालें. त्याचेंच गोव्यांतील भावंड विंदालू. ह्या सर्वांस ताडाचीं झाडें, गव्हाचें पीठ, भट्टी, भट्टीवाला आणि रोज सकाळीं पाव घेणारें गिऱ्हाईक लागतें. जव्हारच्या पातळ मातींत व धो धो पावसांत गहूं पिकविणें कठीण. एका घराला पाव भाजून परवडत नाहीं, आणि विखुरलेल्या पाड्यांना भट्टी पोसवत नाहीं. बीं एका माणसाच्या कनवटीला बसतें. भट्टीला मात्र गांव, बाजार आणि नाणें ह्यांचा आधार हवा. म्हणून मिरची डोंगर चढली आणि पाव पायथ्याशीं राहिला.

हा नियम पडताळून पाहावयाचा, तर पॅसिफिक महासागरांतील ताहिती बेटाकडे पाहावें. तेथें जमिनींत खड्डा खणून दगड तापवितात, त्यावर केळीच्या पानांत गुंडाळलेलें डुकराचें मांस, मासळी, अळवाचे कंद आणि कोंकणांत ज्याला नीरफणस म्हणतात तें फळ ठेवतात, वरून पानें व माती घालतात, आणि कांहीं तासांनीं अन्न शिजून निघतें. ह्या भट्टीला अहिमाआ म्हणतात. दाभोशाच्या पानांत भाजण्याच्या रीतीशीं तिचें साम्य सहज दिसतें. परंतु ताहितीवर फ्रेंचांनीं १८४२ सालीं संरक्षण लादलें व १८८० सालीं तें बेट आपल्या राज्यास जोडलें. सत्तेबरोबर बंदर, दुकान व पगार आले. गहूं तेथें पिकत नाहीं, पीठ जहाजानें येतें. तरीहि लांबट फ्रेंच पाव व कॉफी रोजच्या न्याहारीची झाली, आणि अहिमाआ बहुतांशीं सणासमारंभाची शोभा होऊन बसली. जुन्या अन्नाचा मान राहिला, पण रोजच्या ताटांतील जागा गेली.

हीच स्थिति जव्हार-मोखाड्यांत निराळ्या वाटेनें येत आहे. ठाणें जिल्ह्यांत राबासाठीं फांद्या तोडण्यावर जंगलखात्याचे निर्बंध आले. पावसाळ्यांत सावकाराकडून धान्य उचलावें, ह्याला खावटी म्हणत. सुगी आली कीं तें वाढीसह फेडावें लागे. पुढें स्वस्त धान्याच्या दुकानांतून तांदूळ व गहूं येऊं लागला. त्यानें पुष्कळांच्या पोटांत दोन घांस गेले, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण त्याबरोबर उतारावरच्या नागलीचे कष्ट कमी मोलाचे वाटूं लागले. १०० ग्रॅम नागलींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच सडलेल्या तांदळांत तें १० मिलिग्रॅमच्या आसपास. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सबंध महाराष्ट्र हादरला. त्याचीं कारणें अनेक होतीं: दारिद्र्य, दवाखान्याचें अंतर, आणि सुगी संपतांच मजुरीसाठीं होणारें स्थलांतर. आजहि कुटुंबेंच्या कुटुंबें वसई, भिवंडी, ठाणें ह्या बाजूंना उतरतात. आणि जो पाव दोनशें वर्षांत डोंगर चढला नाहीं, तो आतां मोटारींतून जव्हारच्या बाजारांत येतो.

पावाशीं वैर धरण्याचें कारण नाहीं. प्रश्न कोणता पदार्थ देशी व कोणता परका हा नाहीं. नागलीहि परकीच होती. खरा भेद असा कीं, मिरचीनें चुलीवरचें कांहीं हटविलें नाहीं. ती नागलीच्या शेजारीं बसली, आणि तिचें बीं लावणाराच्या मुठींत राहिलें. विकत आलेलें अन्न मात्र पैसा संपला कीं संपतें. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि शहरांतील सुखवस्तु घरांत नागलीच्या बिस्किटांना मान मिळाला. हें चांगलेंच झालें. परंतु नागलीची कसोटी शहरांतल्या बरणींत नसून डोंगरांतल्या कणगींत आहे. दाभोशाच्या बाईला मृगाच्या तोंडावर स्वतःच्या कणगींतून बीं काढून राबांत टाकतां यावें, आणि सुगीनंतर त्या नागलीला कष्टाचें मोल मिळावें. एवढें झालें, तर त्या चुलीवर आणखी कितीहि पाहुणे आले तरी भिण्याचें कारण उरणार नाहीं.