गोरोंगोझाचे पुनरुज्जीवन : हस्तिदंत, मुदत आणि मोजणीचे वर्ष

मोझांबिकमधील गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानात शितेंगोच्या तळावरून मोटारीने निघालेल्या प्रवाशास हत्तींचा कळप आढळला, तर त्यातील पुष्कळशा वयस्क हत्तिणींना सुळे नसल्याचे दिसून येते. भारतीय प्रवाशास यात काही वावगे वाटणार नाही, कारण भारतातील हत्तिणीचे सुळे सहसा बाहेर दिसत नाहीत. आफ्रिकी हत्तिणीस मात्र ते असतात, आणि गोरोंगोझातील त्यांचा अभाव हा इतिहासाचा लेख आहे.

या फेरीस 'सफारी' म्हणतात. शब्द स्वाहिली, त्याचे मूळ अरबी 'सफर'. फारसीच्या वाटेने आलेला 'सफर' मराठीत जुना आहे. 'सफारी' मात्र इंग्रजीच्या द्वारे आला, तोही शिकारीचा वास अंगावर घेऊन. गोरोंगोझाच्या परिसरात सेना, न्दाऊ इत्यादी भाषा बोलल्या जातात. स्वाहिली ही तेथील बोली नव्हे. म्हणजे प्रवाशाप्रमाणे त्याचा शब्दही तेथे पाहुणाच होय. त्या भूमीचा वृत्तांत 'प्राझू' या पोर्तुगीज शब्दात अधिक सापडतो. प्राझू म्हणजे मुदत. झांबेझीच्या खोऱ्यातील जमिनी तीन पिढ्यांच्या मुदतीने देण्याच्या पद्धतीवरून त्या जहागिरींसच हे नाव पडले. गोरोंगोझा ही अशीच एक जहागीर होती.

येथे गोव्याचा संबंध येतो, आणि तो वरवरचा नाही. इ. स. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या आधिपत्याखाली होता. तेथील हस्तिदंत दीवमार्गे पश्चिम भारतात येई व त्याचे चुडे होत. दीवच्या वाण्यांस १६८६ मध्ये या व्यापाराचा मक्ताच मिळाला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरोंगोझाचा धनी झाला तो मानुएल आंतोनियो दि सोझा, गोव्यात १८३५ मध्ये जन्मलेला गृहस्थ. आफ्रिकेत तो 'गोवेया' या नावाने ओळखला जाई. लाकडी तटबंदीची ठाणी, सशस्त्र पथके आणि हस्तिदंत यांवर त्याची सत्ता उभी होती. पोर्तुगीज शासनाने त्यास लष्करी पदवी दिली. वस्तुतः त्या प्रदेशात शासनच त्याच्या आश्रयाने वावरत होते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. नोव्हेंबर १८९० मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या माणसांनी त्यास मुतासाच्या गावी कैद केले. त्याच्या अनुपस्थितीत बारुए प्रांत उठला. तो परत मिळविण्याच्या खटपटीत १८९२ मध्ये तो मारला गेला. तेव्हा ज्या 'अस्पर्श' अरण्याची आज प्रशंसा होते, त्यात बंदुका आणि हस्तिदंताचे व्यापारी उद्यानाच्या कितीतरी आधीपासून वावरत होते.

गोवेयानंतर हा मुलूख मोझांबिक कंपनीच्या हाती गेला. कंपनीने १९२० मध्ये सुमारे १,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या अधिकाऱ्यांच्या व त्यांच्या पाहुण्यांच्या शिकारीसाठी राखले. १९३५ मध्ये ते ३,२०० झाले. १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले तेव्हा क्षेत्र ५,३०० होते. १९६७ मध्ये, शेतीसाठी जमिनीची मागणी वाढल्याने, ते ३,७७० वर आले. उद्यानाची सीमा ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते.

१९७२ च्या गणनेत येथे २,५४२ हत्ती होते. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाले आणि १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी चालली. डिसेंबर १९८१ मध्ये रेनामोच्या सैनिकांनी शितेंगोवर हल्ला केला. १९८३ मध्ये उद्यान बंद पडले. पर्वताजवळ रेनामोचे मुख्य ठाणे असल्यामुळे रणभूमीच उद्यानाच्या दारात आली. मांस अन्नासाठी गेले, हस्तिदंत शस्त्रांसाठी. तह झाल्यावरही शिकार काही काळ चालूच राहिली. इ. स. २००० मध्ये हत्ती उरले २४२. सुळे असलेल्या हत्तिणी आधी मारल्या गेल्याने बिनसुळ्यांचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ५०.९ टक्क्यांवर गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा गुण एक्स गुणसूत्राशी निगडित असून बहुधा नर गर्भास घातक ठरतो. युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींतही सुमारे तृतीयांश बिनसुळ्यांच्या आहेत. युद्ध अनुभवलेल्या हत्तिणी मोटार पाहून बिथरतात, ती गोष्ट निराळी. ती स्मृती त्यांच्याबरोबर संपेल. सुळ्यांचा अभाव मात्र वारशाने चालतो.

२००४ पासून एका अमेरिकन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने, आणि २००८ पासून दीर्घ मुदतीच्या कराराने, उद्यानाची पुनर्रचना सुरू झाली. मुदतीचा करार हा या भूमीस नवा नव्हे. रानरेडे व न्यू बाहेरून आणून सोडले गेले, २०१८ मध्ये रानकुत्रीही. यास 'पुनरुज्जीवन' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यामागील श्रम खरे आहेत. तथापि 'पुनर्' हा उपसर्ग कोणत्या वर्षाकडे बोट दाखवतो, हा प्रश्न उरतोच. व्यवहारात ते वर्ष १९७२ च्या आसपासचे धरले जाते, कारण पद्धतशीर मोजणी त्या सुमारास झाली. परंतु त्या काळी सुमारे १४,००० रानरेडे आणि ३,५०० वॉटरबक हरणे होती. अलीकडच्या गणनांत वॉटरबक पन्नास हजारांहून अधिक आढळले. उरेमा सरोवराकाठच्या कुरणात प्रवासी आज पाहतो तो देखावा समृद्ध आहे, पण जुना नाही.

क्षेत्रही जुने नाही. उरेमास पाणी पुरवणाऱ्या नद्या गोरोंगोझा पर्वतावर उगम पावतात. तो पर्वत १९७२ च्या उद्यानात नव्हता. त्याचा ७०० मीटरवरील भाग २०१० मध्ये समाविष्ट झाला. त्या उतारांवर, जेथे पुढे पुन्हा एकदा सशस्त्र संघर्ष उसळला, आता स्थानिक शेतकरी वनवृक्षांच्या सावलीत कॉफीची लागवड करतात.