नाडीचा अडथळा

रक्तात ऑक्सिजन किती आहे हे नेमकं कळायला एके काळी मनगटाच्या धमनीत सुई घालून रक्त काढावं लागे. नेहमीच्या रक्ततपासणीपेक्षा हे कितीतरी जास्त दुखतं. सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या रुग्णाला तर ते पुनःपुन्हा सोसावं लागे. आज त्याच्या बोटाला आपण जो चिमटा लावतो, त्या पल्स ऑक्सिमीटरचं मूळ भलत्याच कामासाठी चाललेल्या एका प्रयोगात आहे.

त्याआधीची यंत्रं कानाची. जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी 1930च्या दशकात कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार सोडून ऑक्सिजन मोजला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी तसं यंत्र बनवलं. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक, नसलेलं काळपट, म्हणून त्यातून पार होणारा प्रकाशही वेगळा. पण कातडी आणि मांसही प्रकाश शोषतात. तेवढं वजा करण्यासाठी अर्ल वुड यांनी पाळी दाबून आधी रक्तहीन करायची युक्ती काढली. प्रयोगशाळेत हे जमे, आजाऱ्याच्या घरात कोण करणार?

1970च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोच्या निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी हृदय किती रक्त फेकतं ते मोजू पाहत होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचं आणि ते कसं विरळ होत जातं हे कानापाशी प्रकाशाने टिपायचं. पण प्रत्येक ठोक्याला आलेखात लाट उठे आणि मोजमाप बिघडे. ती घालवायला त्यांनी दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश वापरले. लाट मिटली, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की पुन्हा डोकं वर काढी. दुसरा कुणी वैतागला असता, आओयागींनी त्या लाटेकडेच पाहिलं. ठोक्याबरोबर कमीजास्त होतं ते धमनीतलं रक्त. कातडी, हाड, मांस जिथल्या तिथे. मग हलतो तेवढाच भाग मोजला, तर पाळी दाबायची गरजच नाही! ज्या नाडीला ते अडथळा समजत होते, तिनेच मोजमापाचं काम केलं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगावीशी वाटते.

1974 साली पेटंटचा अर्ज गेला. महिनाभरातच मिनोल्टा कंपनीनेही त्याच कल्पनेवर अर्ज केला. 1980च्या दशकात यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये रुळलं, आणि 1995 साली अमेरिकेतल्या नोनिन कंपनीने सगळं यंत्रच बोटावर मावेल एवढं केलं. तिथून ते घरात आलं.

आपल्याकडे ते घरोघरी पोचलं 2020 च्या महामारीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आओयागी गेले. महामारीच्या त्या दिवसांत ‘94 च्या खाली गेलं की दवाखाना’ हे सगळ्यांना पाठ झालं. सीओपीडीच्या आजोबांना मात्र हा आकडा सरसकट लावता येत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना डॉक्टर 88 ते 92 टक्के एवढंच राखायला सांगतात. घाबरून सिलिंडरचा ऑक्सिजन वाढवला, तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. शिवाय बोट गार असेल किंवा नखावर गडद नेलपॉलिश असेल तरी आकडा चुकतो. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांच्या बाबतीत यंत्राने ऑक्सिजनची कमतरता जवळजवळ तिप्पट वेळा लपवल्याचं दिसलं. सावळ्या कातडीच्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणून घरात चिमटा असेल तर एक वहीही असू द्या. बरं वाटत असतानाचा आकडा, बसून घेतलेला आणि घरातल्या घरात चालून आल्यावरचा, तारखेसह लिहा. शेजारी बेडक्याचा रंग आणि धाप किती लागली तेही. रोजच्यापेक्षा धाप जास्त लागतेय किंवा बेडका पिवळा-हिरवा झालाय असं दिसलं, तर आकडा ठीक असला तरी डॉक्टरांना फोन करा.