ज्वारी, पेलाग्रा आणि रेशनचा गहू

भुकेचं संशोधन म्हटलं की रोम, जिनिव्हा अशी नावं समोर येतात. आम्ही मात्र ते हट्ट्याच्या शिवारातून बघणार आहोत, आणि त्याला कारण आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत वसमत तालुक्याचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या शरीरावर जगभर गाजलेलं संशोधन झालं, ते त्याच राज्याच्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत.

१९१८ साली मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक छोटं केंद्र काढलं. ते वाढत वाढत १९५८ साली हैदराबादला आलं, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथल्या डॉक्टरांसमोर पेलाग्राचे रोगी येऊ लागले. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची आणि मानेची कातडी काळी पडून भेगाळते, जुलाब लागतात, पुढे डोक्यावरही परिणाम होतो. हा रोग जगाला माहीत होता, पण मका खाणाऱ्यांचा म्हणून. इटलीत होता, अमेरिकेच्या दक्षिण भागात होता. इथले रोगी मका खात नव्हते, ज्वारी खात होते. आता ज्वारीत नायासिन काही मक्यासारखं अडकून बसलेलं नसतं, असं तेव्हा समजलं गेलं. मग कोडं काय?

१९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं, ते शरीरातल्या नायासिनच्या कामात अडथळा आणतं. कमी ल्युसीनच्या वाणांचा शोधही सुरू झाला. पुढे इतर ठिकाणच्या प्रयोगांत हे सगळीकडे जुळलं नाही, वाद राहिला. आम्हाला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या सगळ्यांना होत नव्हता. ज्याच्या ताटात भाकरीशिवाय फारसं काही नव्हतं, त्याला तो गाठायचा. भाकरीबरोबर तुरीचं वरण आणि वाटीभर ताक असलं की गोष्ट वेगळी. म्हणजे दोष धान्याचा की रिकाम्या ताटाचा?

त्याच काळात जगात प्रथिनांची ओरड चालली होती. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवालच काढला. त्याला हिशेबाने उत्तर देणाऱ्यांत एक आपला माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे, रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे धान्य-डाळीचं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुतेक आपोआप पुरतात, कमी पडतं ते जेवणच. १९७४ साली मॅकलारेन यांनीही ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिनांच्या त्या सगळ्या प्रकाराला फजिती म्हटलं. (उपाशी माणूस नेमका कुठून मोजायचा, यावर पुढे सुखात्मे आणि वि. म. दांडेकर यांची चांगलीच जुंपली. तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

आणि मध्ये आला बहात्तरचा दुष्काळ. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘मिलो’ म्हटलं की अजून तोंड वाकडं करतात. अमेरिकेची लाल ज्वारी ती. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, १९७७ साली. हाताला काम दिलं तर माणूस अन्न विकत घेतो, हे महाराष्ट्रानं देशाला दाखवलं. आम्हाला ही त्या काळातली सगळ्यात मोठी पोषण योजना वाटते, नाव काहीही असो.

पण धान्याच्या खरेदीचं काय झालं? १९६५ साली अन्न महामंडळ आलं, आणि सरकारी खरेदीचा गाडा गहू-तांदळावर बसला. इकडे खरिपाची हायब्रीड ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडायची, भाव पडायचा. तिचं ताट बुटकं, त्यामुळे कडबाही कमी. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी आलं तिथे हळद आणि ऊस गेला, कोरडवाहूत सोयाबीन. शेतकऱ्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, सोयाबीननं हातात पैसा दिला. पण ज्वारी गेली तशी तिच्यातली तुरीची ओळ गेली, मुगाचा पाटा गेला. कडबा गेला, मग गोठ्यातली गाय-म्हैस परवडेना. पेलाग्रापासून वाचवणाऱ्या ज्या दोन गोष्टी, वरण आणि ताक, त्याच भाकरीबरोबर उठून गेल्या. रेशन कार्डावर हे कुठे दिसत नाही. तिथे माणशी पाच किलो दिसतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो लिहिलेलं होतं. रेशनवर आपल्याकडे नेम मात्र गहू-तांदळाचाच राहिला. गंमत बघा, २०१८ साली इथून जवळच, परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला. वाण तयार आहे, जमीन तीच आहे. तो पेरल्यावर घ्यायचा कोणी आणि कोणत्या भावानं, हे संशोधकाच्या हातात नाही. तो प्रश्न मुंबई-दिल्लीला विचारायचा आहे, आणि आता सभागृहातून कुणाला बोलायचं असेल तर आम्ही ऐकायला बसलो आहोत.