पडलेलं सोनं

आमच्या आक्काची मोत्याची कुडी गोव्याच्या समुद्रात पडली. फिरकी सैल झालेली, पाणी गुडघ्याएवढं. आम्ही चौघीजणी तासभर वाळू चाचपत बसलो. शिंपले लागले, कुडी काही लागली नाही. घरी आल्यावर आज्जीनं कुडीचं विचारलंच नाही. "न गाळलेल्या पाण्यात उतरलातच कशाला?" एवढंच म्हणाली.

इंग्लंड-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर असे पडलेले दागिने शोधत माणसं मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात. त्या यंत्राचा इतिहास मी वाचायला घेतला तो आक्काच्या कुडीपायी. पण त्याच्या सुरुवातीला सोनं नाहीच, बंदुकीची गोळी आहे.

2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठं अडकली हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी तारेची वेटोळी टेलिफोनला जोडून यंत्र केलं. धातूजवळ नेलं की कानात आवाज येई. जुन्या युद्धातली गोळी अंगात राहिलेल्या सैनिकांवर ते चाललं, अध्यक्षांवर फसलं. एक तर बिछान्याखाली पोलादी तारा होत्या. त्यात मुख्य डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात अध्यक्ष गेले. दोष यंत्राचा किती आणि मोठ्या डॉक्टरांच्या हट्टाचा किती, हे घरात आजारपण काढलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

पुढं दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये राहून, जमिनीतले सुरुंग शोधायला हातात धरून चालवता येईल असा डिटेक्टर केला आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. 1942 साली अल अलामेनच्या लढाईत असे 500 डिटेक्टर वाळवंटात वापरले गेले. घरची माणसं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, म्हणून त्यांचं नाव गुप्त ठेवावं लागलं. युद्ध संपल्यावर सैन्याची जादा यंत्रं स्वस्तात विकली गेली आणि छंदी माणसांच्या हाती आली.

समुद्राकाठी मात्र हे काम किचकट. थंड पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सहज निसटते. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. लाटेनं वाळू हलली की ते खाली खाली जातं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळं साधं यंत्र ओल्या वाळूवर उगीच ओरडतं. नंतरची काही यंत्रं विजेचा ठोका देऊन क्षणभर थांबतात, मिठाचा आवाज विरला की मग ऐकतात. तरी थंड पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी जवळजवळ सारख्याच बोलतात. खणल्याशिवाय कळत नाही. आणि मोती तर यंत्राला दिसतच नाहीत. आक्काची कुडी सापडली असती तर तारेच्या सोन्यामुळं.

बरं, सापडलेलं सोनं कुणाचं? आपल्याकडं सोनारगल्लीतली माती धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतात, पण ती माती ते सोनाराकडून विकत घेतात. किनाऱ्यावरच्या वाळूचा असा सौदा कुणाशी झालेला नसतो. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली वस्तू असं स्पष्ट म्हटलंय. ती स्वतः घ्यायची नाही, आणि उचलून दुसऱ्याला द्यायचीही नाही. यातला दुसरा भाग आपण विसरतो. रस्त्यात काही सापडलं की मंदिराच्या पेटीत टाकून मोकळ्या होतो, पुण्यही आपल्याच नावावर! ज्याची वस्तू त्याला कुठं विचारलंय? 1860 च्या दंडसंहितेतलं 403 कलमही 2024 पर्यंत तेच बघायचं: मालक शोधायचा वाजवी प्रयत्न केलात का? किनाऱ्यावर फिरणाऱ्यांत काहीजण अंगठीच्या आत कोरलेल्या नाव-तारखेवरून माग काढून ती परत करतात. काहीजण सरळ सराफाकडं जातात.

कुडीवर नाव कोरत नाहीत. आक्कानं उरलेली कुडी अजून मोडली नाही, डबीत कापसावर ठेवलीय. कुणी आणून दिलीच तर ओळख पटवायला जोड नको का, म्हणते.